करवतीच्या आधी दरी

रियेका या बंदरगावाच्या मासळीबाजारात गेलं वर्षभर लोरेदानाला एकच प्रश्न विचारला जात होता. विचारणाऱ्यांना त्याचा कंटाळा कसा येत नाही, याचंच तिला नवल वाटायचं.

"काय गं, आज काय लागलं गळाला? डबी?"

हे ओंदिनाचं. ओंदिना सार्डिन विकायची. बाजाराच्या दाराशी पहिलाच ओटा तिचा, आणि आवाज असा की पलीकडच्या धक्क्यावरचे खलाशीही माना वळवायचे. लोरेदाना मान खाली घालून अर्धा किलो सार्डिन घ्यायची आणि सटकायची. उत्तर द्यायला तोंड होतंच कुठे? जे झालं ते सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

झालं होतं असं. संत वीद हा रियेकाचा रक्षणकर्ता. जूनमधल्या त्याच्या दिवशी बाराच्या घंटा वाजून थांबल्या की बंदराच्या मधोमध नांगरलेल्या बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवरून, कुणीतरी एकट्यानं चार-पाच मिनिटं वाजवायचं, आणि सगळ्या गावानं धक्क्यावर उभं राहून ऐकायचं. कधी ट्रम्पेट असे, कधी अ‍ॅकॉर्डियन. गेल्या वर्षी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटारला मान मिळाला, आणि तो मिळाला सव्वीस वर्षांच्या लोरेदानाला. आता या गिटारवाल्यांच्या पायाशी एक फळी असते आणि फळीवर ओळीनं लोखंडी डब्या, म्हणजे पेडल. एक डबी पायानं दाबली की गिटार करवतीसारखी चरचरते, दुसरी दाबली की सूर दरीत हाक मारल्यासारखा घुमून परत येतो. लोरेदानानं तिच्या डब्यांना तशी नावंच ठेवली होती: करवत, दरी, आणि सुराला कापरं भरवणारी ती थरथरी; उरलेल्या दोन बिननावाच्या. डब्या फळीला चिकटवल्या होत्या बुटांना असते तसल्या, चर्रकन उघडणाऱ्या पट्टीनं. घरी ती पट्टी छान धरायची. पण काळी फळी, डोक्यावर जूनचं ऊन, पट्टीचा गोंद पातळ झाला. तेवढ्यात सहलीची एक बोट गेली, तिची लाट आली, बार्ज कलला आणि दरी जी सुटली ती जोडणीच्या तारेला सोबत घेऊन थेट समुद्रात. गाणं अर्ध्यावर मेलं. "डुबुक" असा आवाज म्हणे धक्क्यावर शेवटच्या रांगेत ऐकू गेला. हे काही खरं नाही, पण गावाला कोण सांगणार?

सगळं गाव हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. त्यानंतर लोरेदाना मंचावर चढली नाही. मुलांच्या शिकवण्या घ्यायची, घरी वाजवायची, तेही खिडकी लावून. आणि यंदा मे महिन्यात उत्सव समितीचा फोन आला की अ‍ॅकॉर्डियनवाल्याचं मनगट मोडलंय, तूच ये. तिनं हो म्हटलं. का म्हटलं ते तिलाही कळेना. त्या दिवशी आईला मात्र तिनं सरळ सांगून टाकलं, "या वेळी काही वेडंवाकडं झालं, तर गिटार विकून टाकते आणि त्रिएस्तला मावशीच्या बेकरीत जाते. परत हातात धरणार नाही." आईनं काही समजूत घातली नाही. पोरगी बोलते ते करते, हे तिला ठाऊक होतं.

उत्सवाला आठ दिवस राहिले असताना दारात एक म्हातारा उभा राहिला. अंगावर निळा सदरा, हात फावड्याएवढे. बार्बा सिल्वानो. आमच्याकडे वयस्कर माणसाला, त्यातून दर्यावरच्या, बार्बाच म्हणायचं. एक्केचाळीस वर्षं त्यानं बंदरात एकच काम केलं होतं, जहाजावर चढवलेला माल बांधायचं. लाकडाचे ओंडके, यंत्रं, एकदा तर आख्खं रेल्वे इंजिन. त्यानं बांधलेला एक खिळासुद्धा कधी समुद्रात गेला नाही, असं लोक सांगत. तो स्वतः सांगत नसे, पण कुणी सांगितलं तर थांबवतही नसे.

"ती फळी दाखव," तो म्हणाला. ना नमस्कार, ना चमत्कार.

"कुठली फळी, बार्बा?"

"कुठली काय विचारतेस! जिच्यावरून गेल्या वर्षी माल पडला ती. वर्ष झालं, मला झोप नाही. माझ्या बंदरात, माझ्या डोळ्यांसमोर माल पाण्यात गेला! अगं, मी पेन्शनीत निघालोय, मेलेलो नाही."

लोरेदानानं फळी आणली; बुडालेल्या दरीच्या जागी तिनं नवी घेतली होती. त्यानं एक डबी धरून ओढली. चर्र. त्यानं ती पट्टी डोळ्यांजवळ नेली, नखानं खरवडली आणि तिच्याकडे असं पाहिलं की तिला शाळेत गृहपाठ विसरल्याची आठवण झाली.

"याच्यावर तू विश्वास ठेवलास?"

"सगळेच ठेवतात हो."

"सगळे पोहायला जात असतील. माल घेऊन जाणाऱ्यानं असलं वापरायचं नसतं. दे इकडे सगळं. डब्या जोडणाऱ्या त्या आखूड तारा पण दे. संत वीदच्या दिवशी सकाळी धक्क्यावर आणून देतो."

तिनं दिलं. तिच्याजवळ होतं तरी काय दुसरं? जाताना एवढं मात्र सांगितलं की डब्यांच्या पोटाला आकडे चिकटवलेत, त्या क्रमानंच लावायच्या. म्हाताऱ्यानं हात हलवला. तो हात "कळलं" म्हणून हलला की "जा" म्हणून, हे तिनं विचारून घ्यायला हवं होतं.

तीन दिवसांनी दुपारची मारेंदा, म्हणजे पावात घातलेला तळलेला मासा, घेऊन ती त्याच्या तळघरात गेली. खरं म्हणजे काळजीनं गेली, मारेंदा निमित्त. आणि तिथं जे पाहिलं त्यानं ती दारातच थबकली.

टेबलावर सागवानाची फळी होती. मोडीत निघालेल्या एका जहाजाच्या डेकवरची, बर्मी साग, तेल पाजून पाजून मधासारखी झालेली. शेजारी सायकलची जुनी चेन. सिल्वानो तिची एकेक कडी सोडवत होता. दोन भोकं असलेली इंग्रजी आठाच्या आकाराची ती चिमुकली कडी. डबीच्या बुडाला चार कोपऱ्यांत चार स्क्रू असतात; तो एक स्क्रू काढी, कडीचं एक भोक त्याखाली धरी, स्क्रू परत आवळी. कडीचं दुसरं भोक डबीच्या बाहेर डोकावे, त्यातून दुसरा स्क्रू सागात. चार कोपरे, चार कड्या. डबीला भोक नाही, ओरखडा नाही, थेंबभर गोंद नाही. आणि त्या एवढ्या थोरल्या बोटांत तो एवढासा स्क्रू कसा धरत होता देव जाणे! प्रत्येक स्क्रूचे पहिले दोन आटे तो डोळे मिटून फिरवायचा.

"डोळे का मिटता, बार्बा?"

"आटा बरोबर बसला की नाही ते बोटांना कळतं. डोळे मध्ये लुडबुडतात."

लोरेदाना तासभर बघत राहिली. चौदा वर्षं ती गिटार वाजवत होती, पण कुठल्याही कामात कुणी असा जीव ओतलेला तिनं पाहिला नव्हता. कुणी बघणार नाही अशा फळीच्या पोटालाही तो कानशीनं कडा मऊ करत होता. हा माणूस आपल्या पाच डबड्यांसाठी हे करतोय! "बार्बा, तुम्ही ना..." ती म्हणाली आणि पाव त्याच्यापुढे सरकवला.

"जा आता. माल लावताना मला कुणी जवळ लागत नाही," तो म्हणाला. आणि तिनं आणलेला पाव खाऊ लागला.

संत वीदच्या दिवशी साडेअकराला सिल्वानो धक्क्यावर हजर. फळी ताडपत्रीत गुंडाळलेली, दोरीनं बांधलेली. टग बोट बार्जला मधोमध ओढून नेणार होती. बार्जवर ध्वनियंत्रणेवाला तेदी होता, स्पीकर होते, जनरेटर होता. लोरेदाना चढली. तिच्यामागून सिल्वानोही चढला.

"बार्बा, तुम्ही कुठे?" तेदी म्हणाला. "इथं फक्त वाजवणाऱ्याला परवानगी आहे."

"जो बांधतो तो मालाबरोबर जातो. आमच्या टोळीचा कायदा आहे. तुझ्या समितीला सांग." आणि तो एका रिकाम्या क्रेटवर बसला सुद्धा. त्याला उठवायला कोण धजावणार?

धक्का माणसांनी फुलला होता. पहिल्या रांगेत ओंदिना, डोक्याला रुमाल, कमरेवर हात. "लोरेदाना! जाळं आणलंय मी, घाबरू नको!" ती ओरडली, आणि माणसं हसली. लोरेदानानं मान खाली घातली.

बार्ज मधोमध नांगरला. तिकडे चर्चमध्ये प्रार्थना चालू, त्यामुळे बारापर्यंत एक सूर काढायचा नाही असा दंडक. सिल्वानोनं दोरी सोडली, ताडपत्री काढली, फळी दोन हातांनी उचलली, बार्जच्या कडेला गेला आणि पाण्यावर धरून सरळ उलटी केली.

"बार्बा!" लोरेदाना किंचाळली.

त्यानं ती गदागदा हलवली. नुसती हलवली नाही, झोडपली म्हणा ना. खाली हिरवं पाणी, वर पाच डब्या डोकं खाली करून. एकही हलली नाही. तेदी तोंडात बोट घालून उभा. सिल्वानोनं फळी तिच्या पायांशी ठेवली, तिच्यावर स्वतः चढला, बुटांनी दोनदा नाचला आणि उतरला.

"घे," तो म्हणाला. "आता जहाज बुडेल, ही सुटणार नाही."

लोरेदाना गुडघ्यांवर बसली. सागाचा तो रंग, ओळीनं डब्या, कोपऱ्याकोपऱ्याला चेनच्या चकचकीत कड्या. तिनं बोट फिरवलं. इतकं देखणं काही आपल्या मालकीचं असेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तिची नजर तारांवरून गेली, आणि बोट जागीच थांबलं.

"बार्बा... दरी मधे का आहे?"

"सगळ्यात जड तीच. जड माल मधोमध, हलका दोन्ही अंगांना, वजन सारखं. नाहीतर फळी कलते."

"पण आकडे होते ना पोटाला!"

"ते कागद? ते गोंदाबरोबर घासून काढले. मला वाटलं दुकानाचे असतील."

झालं! गिटारवाल्यांच्या जगात एक गोष्ट शेंबडं पोरही जाणतं: करवत आधी, दरी नंतर. आधी सूर चरचरीत करायचा, मग तो दरीत सोडायचा, म्हणजे प्रत्येक पडसाद वेगळा, स्वच्छ ऐकू येतो. उलट केलं तर दरीतून येणारे सगळे पडसाद एकदमच करवतीच्या दातांखाली सापडतात आणि नुसता कालवा होतो. सिल्वानोनं करवत दरीच्या नंतर बसवली होती. तारा तर एवढ्या आखूड की शेजारच्या डबीपलीकडे पोचायच्या नाहीत.

"स्क्रू काढू या," तिचा आवाज चिरकला. "दोनच डब्या. पटकन."

"निघायचे नाहीत," सिल्वानो म्हणाला. त्याला अजून काही कळलं नव्हतं, आणि आवाजात अभिमान होता. "स्क्रू सुटू नयेत म्हणून लाल औषध घातलंय आट्यांत. आता तापवल्याशिवाय देवालाही निघणार नाहीत."

चर्चच्या घंटा सुरू झाल्या. बारा.

तेदी तिच्या कानाशी वाकला. "ऐक माझं. करवतीला हातच लावू नकोस, म्हणजे पायच. नुसती दरी वाजव, गोड गोड वाजव, चार मिनिटं काढ आणि घरी जा. कुणाला कळणार नाही."

शहाणपणाचं होतं. तिनं मान हलवली. घंटा थांबल्या. धक्क्यावर इतकी शांतता की दोरखंडाचं करकरणं ऐकू येऊ लागलं. लोरेदानानं पायाच्या अंगठ्याच्या टोकानं दरी दाबली, हळूच, गेल्या वर्षीसारखीच चोरून, आणि पहिला सूर छेडला.

गोड होता. खरंच गोड. आठच सुरांची चाल, तिची स्वतःची, हिवाळ्यात खिडकी लावून रचलेली. सूर जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. लोक ऐकत होते. कुणी खोकलं, कुणी मुलाला गप्प केलं. एक मिनिट गेलं, दीड गेलं. चाललं होतं. पण लोरेदानाचे डोळे फळीवरून हलत नव्हते. ऐकत नव्हती ती, पहारा देत होती.

आणि गोदीच्या तोंडातून पर्यटकांची एक पांढरी बोट वळली.

लाट तिनं आधी पाहिली, मग बार्ज कलला. गेल्या वर्षीचा तोच कल. विचार करायला वेळच नव्हता. फळी गेली या एकाच भीतीनं लोरेदानानं उजवा पाय उचलला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून फळीवर दाणकन आपटला, तिला जागच्या जागी धरायला.

पाय करवतीवर पडला.

काय झालं ते रियेकात आजही लोक आपापल्या परीनं सांगतात. लोरेदानाला एवढंच कळलं की गिटारीतून गिटार निघून गेली. दरीत घुमत असलेले सगळे सूर, आताचा, मघाचा, त्याच्याही आधीचा, करवतीनं एकदम धरले आणि त्यांचं एकच काहीतरी झालं, प्रचंड, ज्याला सुरुवात नव्हती आणि कड नव्हती. बार्जचं लोखंड तिच्या तळव्यांतून गुणगुणू लागलं. क्रेनवरचे सीगल सगळे एकदम उडाले. आवाज धक्क्यावर गेला, घरांवर आपटला, त्रसातच्या टेकडीवर चढला आणि तिथून परत आला, आणि परत येईपर्यंत इथला थांबलेलाच नव्हता. तिनं घाबरून पुढचा सूर छेडला. तोही त्यात मिसळला आणि सगळं एक पायरी वर चढलं. मोडत नव्हतं ते. कालवा नव्हता. आई गं, कालवा नव्हता! आठ सुरांची तिची ती चाल आत कुठंतरी चालतच होती, पण आता ती एका माणसाची उरली नव्हती, सगळ्या बंदराची झाली होती.

बार्ज दुसऱ्या अंगाला कलला. फळी केसभरही हलली नाही. पायाखाली जमीन असावी तशी ती होती, आणि लोरेदानाला ते कळलं तसा तिनं पाय काढला नाही. उलट आणखी दाबला. आणि वर्षभरात पहिल्यांदा, वाजवताना, तिनं मान वर केली.

समोर सगळं गाव होतं. कुणी हसत नव्हतं. कुणी हलतही नव्हतं. पुरुषांच्या हातांत टोप्या होत्या, त्या कधी काढल्या त्यांचं त्यांना माहीत नसावं. ओंदिना, ती बोलभांड ओंदिना, मासळीच्या उलट्या टोपलीवर मटकन बसली होती, तोंड उघडं, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. हे मी करत नाहीये, लोरेदानाला वाटलं. हे इथंच होतं, मी फक्त दार उघडलं. अंगावर काटा आला तिच्या. तिनं तारांवरचे हात काढून घेतले तरी आवाज तसाच उभा राहिला, हळूहळू डोंगरांच्या मागे उतरत गेला, आणि शेवटी कधी संपला ते कुणालाच नक्की सांगता आलं नसतं.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. वाजल्या तेव्हा थांबेनात. तेदी डोळे वटारून फळीकडे बघत होता. "हे कसं केलंस? कुणी सांगितलं तुला असं लावायला?" तो सारखा विचारत होता.

लोरेदाना सिल्वानोकडे गेली. तो क्रेटवर तसाच पुढे वाकून बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, नजर फळीवर.

"एक सूतसुद्धा नाही सरकली," तो म्हणाला. "दोन लाटा आल्या. मोठी दुसरी होती."

खोटं बोलणं सोपं होतं. सगळं छान झालं बार्बा, म्हणायचं आणि गालाचा मुका घ्यायचा. पण ज्या माणसानं फळीच्या पोटालाही कानस मारली, त्याला अर्धं सत्य कसं द्यायचं?

"बार्बा, एक सांगू? तुम्ही माल चुकीचा लावलात."

म्हाताऱ्याचा चेहरा खाडकन उतरला. एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं.

"चुकीचा?"

"करवत आधी हवी होती आणि दरी नंतर. जगात सगळे तसंच लावतात. मी पण जन्मभर तसंच लावलं असतं." तिला हसू येत होतं आणि रडूही. "तुमच्या चुकीतून हा आवाज आला, बार्बा. हा आवाज माझ्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. आता त्या स्क्रूंना कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे!"

सिल्वानो क्रेटवरून उठला. त्यानं धक्क्याकडे पाहिलं, अजून टाळ्या वाजवणाऱ्या माणसांकडे, टोपलीवर बसलेल्या ओंदिनाकडे. जणू ही सगळी मंडळी आत्ता कुठून आली, असं. मग त्यानं ते थोरले हात एकमेकांवर चोळले.

"पोरी," तो चाचरत म्हणाला, "मी पूर्ण वेळ स्क्रू बघत होतो गं. कानात काही शिरलंच नाही माझ्या."



"परत वाजवशील?" त्यानं विचारलं. "माझी चूक मला ऐकू दे."

समितीचा एकदाच वाजवायचा नियम होता. तेदीनं स्पीकरचा आवाज आणखी वाढवला. लोरेदाना फळीपाशी गेली, गिटारचा पट्टा सारखा केला आणि सिल्वानोकडे पाहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. तिनं पाय उचलला आणि सगळा भार टाकला.